लहान मुलांना जुलाब थांबवायची गोळी देऊ नका – मेडिकलच्या काउंटरवरून

औषधपेटी

पावसाळा लागला की आमच्या मेडिकलमध्ये एक मागणी ठरलेली असते. "जुलाब बंद व्हायची गोळी द्या. मुलगा दोन वर्षांचा आहे, अर्धी करून पाजते." कधी आजोबा येतात, कधी रात्रपाळी संपवून थेट आलेला बाप. सगळे घाबरलेले, रात्रभर जागलेले. मी फार्मासिस्ट आहे, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी काउंटरवर उभी असते, आणि ती गोळी मी देत नाही. का देत नाही ते मागे रांग असताना नीट सांगून होत नाही. म्हणून हा धागा.

मागितली जाणारी औषधं मुख्यतः दोन. एक लोपेरामाइड, दुसरं डायफिनॉक्सिलेट आणि अ‍ॅट्रोपिन एकत्र असलेली गोळी. लोपेरामाइड आणि डायफिनॉक्सिलेट दोन्ही अफूच्या कुळातली. नेहमीच्या मात्रेत मोठ्या माणसाला त्यांची नशा येत नाही, पण अफू आतड्यावर जे करते तेच ती करतात, आतड्याची हालचाल मंदावतात. मोठ्या माणसाचे साधे जुलाब असतील, लांबचा प्रवास असेल, तर एखादी गोळी चालून जाते. लहान मुलाचं तसं नाही. आतड्यात पाणी सुटणं चालूच राहतं, फक्त ते बाहेर यायचं थांबतं. मोरी तुंबवली म्हणून नळ बंद होत नाही. दुपटं कोरडं दिसतं, घरच्यांना वाटतं उतार पडला, आणि पाणी पोटातच साठत जातं. पोट फुगतं, उलट्या सुरू होतात, आतडं अगदी ठप्प होऊ शकतं. शिवाय तान्ह्या मुलांत ही औषधं मेंदूपर्यंतही पोचतात. गुंगी येते, श्वास मंदावतो.

हे नुसतं पुस्तकातलं भय नाही. पाकिस्तानात लोपेरामाइडचे खास लहान मुलांसाठी बनवलेले थेंब विकले जात होते. ते दिल्यावर आतडी ठप्प होऊन बाळं दगावली आणि १९९० मध्ये कंपनीला ते थेंब मागे घ्यावे लागले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या जुलाबांवरच्या औषधांचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला. मुलांच्या जुलाबात या औषधांचा काही उपयोग नाही आणि काही तर घातक आहेत, हे संघटनेचं म्हणणं तेव्हापासून बदललेलं नाही.

वयाचं म्हणाल तर दोन वर्षांखाली लोपेरामाइड पूर्ण निषिद्ध आहे. डायफिनॉक्सिलेट-अ‍ॅट्रोपिन सहा वर्षांखाली निषिद्ध आहे. त्याहून मोठ्या मुलालाही ते आपल्या मनाने देऊ नये. आणि "अर्धी करून" हा हिशेब तर मनातून काढूनच टाका. दहा किलोचं मूल म्हणजे मोठ्या माणसाचा सहावा हिस्सा असं वजनावरून भागाकार करून चालत नाही. त्याचं यकृत आणि मेंदू औषध वेगळ्या पद्धतीने हाताळतात.

मग द्यायचं काय? ओआरएस आणि झिंक (जस्ताची गोळी). एवढंच? हो, बहुतेक वेळा एवढंच. मूल जुलाबाने जात नाही, अंगातलं पाणी आणि क्षार गेल्याने जातं. पाणी भरून काढत राहिलात की जुलाब आपल्या गतीने थांबतात. बहुतेक मुलांत आठवड्याभरात.

ओआरएसमागची गोष्ट मला सांगावीशी वाटते, कारण पाकीट हातात देताना लोकांच्या चेहऱ्यावर "फक्त साखर-मीठ?" असा भाव दिसतो. लहान आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत घेतले जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणी जातं. जुलाब कितीही असले तरी ही व्यवस्था बहुतेक वेळा चालू राहते. म्हणून नुसतं पाणी पाजून जे साधत नाही ते या पाण्याने साधतं. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि बेकिंग सोडा यांचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि नातेवाइकांनाच ते पाजायला लावलं. ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. नर्स नाही, सुई नाही, आईच्या हातातला पेला. २०२२ मध्ये ते गेले, २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. आज तेच पाकीट आपल्याकडे आशाताई फुकट देतात आणि आपण ते टाळून गोळी मागतो, याचं मला फार वाईट वाटतं.

कालवायची पद्धत मात्र नीट पाळा, इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. मोठं पाकीट (साधारण २१ ग्रॅम) एक लिटर पाण्यात, एकदम, पूर्ण. लहान पाकीट (चार-साडेचार ग्रॅम) २०० मिलीत. पाण्याचं माप पाकिटावर छापलेलं असतं, ते वाचा. पाणी उकळून पूर्ण गार केलेलं हवं. "बाळ छोटं आहे म्हणून चिमूटभर वाटीत" असं करू नका. दाट झालं तर रक्तातलं सोडियम वाढून झटके येऊ शकतात, पातळ झालं तर उपयोग होत नाही. दुधात, सरबतात, फळांच्या रसात कालवू नका, वरून साखर घालू नका. झाकून ठेवा आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्या.

काही विचारायचं असेल तर विचारा. जमेल तसं उत्तर देते.

---

गुलबक्षी

फार गरजेचा धागा, ताई. वाचनखूण साठवली.

एक प्रश्न. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर नेहमी सांगतात की ओआरएसचा तयार डबा आणा, पाकीट कालवायची भानगड नको. मुलं पण तो चवीने पितात. चालतो का?

---

औषधपेटी

@गुलबक्षी, डब्यावर काय लिहिलंय त्यावर अवलंबून आहे. तयार द्रव स्वरूपात खरं ओआरएसही मिळतं, त्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे असल्याचं लिहिलेलं असतं. पण त्याच फळीवर, तसल्याच डब्यात, फळांच्या चवीची गोड पेयंही वर्षानुवर्षं ओआरएसच्या नावाशी मिळत्याजुळत्या नावाने विकली गेली. त्यांत साखर कितीतरी जास्त आणि क्षार अपुरे. जास्त साखर आतड्यात उलट पाणी खेचते आणि जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध कित्येक वर्षं लढा दिला. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, ठरलेल्या सूत्राचं नसेल त्या पेयाच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली.

सूत्र सांगते, लेबल ताडून बघा. एका लिटरला सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम. म्हणजे साखर लिटरला साडेतेरा ग्रॅमच. "मुलं चवीने पितात" हीच मला शंकेची जागा वाटते. खरं ओआरएस फारसं चविष्ट नसतं, किंचित खारट लागतं.

---

कोयनाकाठ

सगळं पटलं, पण एक बाजू मांडतो. आमच्या घरी चार पिढ्या बाळगुटी उगाळली जाते. जुलाब लागले की आजी मुरुडशेंग आणि जायफळाचे वेढे जरा जास्त द्यायची, बाळ शांत झोपायचं, दुसऱ्या दिवशी बरं. गोळ्या नको म्हणता ते बरोबर, पण घरच्या औषधालाही नाही म्हणणार का? आमच्या आज्या काय मूर्ख होत्या?

---

औषधपेटी

@कोयनाकाठ दादा, मूर्ख अजिबात नव्हत्या. त्यांच्याकडे ओआरएस नव्हतं, त्यांच्या हातात जे होतं त्यात त्यांनी मुलं वाढवली. मुरुडशेंगेबद्दल मी भांडणार नाही, तो वैद्यांचा विषय. जायफळाबद्दल मात्र बोलते. जायफळाने झोप येते, प्रमाण वाढलं तर गुंगी येते, छातीत धडधड वाढते. आणि सहाणेवर सात वेढे दिले तर अंगात नेमकं किती गेलं हे कुणालाच सांगता येत नाही. जुलाब लागलेल्या बाळाची एकच गोष्ट आपल्याला सतत बघायची असते: ते तरतरीत आहे की मलूल पडत चाललंय? जायफळ देऊन झोपवलं की ती खूणच पुसली जाते. शांत झोपलंय की पाणी कमी पडून गळून गेलंय, कसं ओळखणार?

थोडं मागे जाऊन सांगते. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या बाळांना अफूची गोळी देऊन झोपवत, हे १९२०च्या दशकातल्या अहवालांत नोंदलेलं आहे. 'बाळागोळी' म्हणत तिला. त्या आया दुष्ट नव्हत्या, बाळ सांभाळायला कुणी नव्हतं. अफूने रडणंही थांबायचं आणि शी पण. आज आपण जी गोळी मागतो ती त्याच कुळातली आहे, म्हणून मला हे सांगणं भाग वाटतं.

कुटजारिष्ट या जुलाबावरच्या आयुर्वेदिक औषधाचंही इथेच सांगून टाकते. आसव-अरिष्टांमध्ये किण्वनातून आपोआप मद्यार्क तयार होतो. "आयुर्वेदिक आहे, अपाय नाही" म्हणून लहान मुलाला मनाने पाजू नका. वैद्यांना विचारा.

---

कोयनाकाठ

झोपेचा मुद्दा लक्षात आला. असा विचार केला नव्हता. आईला वाचून दाखवतो.

---

निळासावळा

मी बालरोगतज्ज्ञ आहे, मराठवाड्यात काम करतो. औषधपेटी यांनी जे लिहिलंय त्यातल्या शब्दाशब्दाशी सहमत. माझ्याकडून थोडी भर घालतो, कारण घरी काय बघायचं हे अजून आलेलं नाही.

पाणी किती पाजायचं: दर पातळ शीनंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली. हे घटाघटा नाही. लहान बाळाला दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा, आणखी सावकाश, दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. "सगळं उलटून टाकतो, पोटात काही राहतच नाही" असं सांगत आलेल्या आईच्या शेजारी बसून मी स्वतः असे चमचे मोजून देतो. अर्ध्या तासात बहुतेक मुलांच्या पोटात ते टिकतं. बाटलीने किंवा पेल्याने एकदम दिलं की उलटतं, हा त्यातला सगळा फरक.

पाणी कमी पडल्याच्या खुणा: डोळे खोल जाणं, रडताना अश्रू न येणं, जीभ कोरडी, सहा तासांत लघवी नाही, मूल चिडचिडं आणि पाण्यासाठी हावरं. पोटाची कातडी बेंबीच्या बाजूला चिमटीत धरून सोडा. लगेच सपाट न होता सावकाश बसत असेल तर मूल दवाखान्यात हवं. आणि मूल चिडचिडं न राहता मलूल झालं, प्यायलाच मागत नसेल, कातडी दोन सेकंदांहून जास्त वेळ तशीच उभी राहत असेल, तर ते गंभीर आहे. वाट बघायची नाही, १०८ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. जातानाही चमच्याने पाजत राहा.

टाळूबद्दल मुद्दाम लिहितो. बाळाची टाळू आत गेलेली दिसली की आपल्याकडे "टाळू पडली" म्हणत तिथे तेल भरतात. तुमची नजर अचूक असते, ती खूण खरी आहे. आत गेलेली टाळू म्हणजे अंगातलं पाणी कमी झालंय. फक्त पाणी तेलाने वरून भरत नाही, तोंडाने पाजावं लागतं. तेल लावायचं तर लावा, पण आधी चमचा हातात घ्या.

दवाखान्यात लगेच आणायच्या आणखी काही गोष्टी: शीमध्ये रक्त, जोराचा ताप, हिरव्या उलट्या, पोट फुगणं, तीन महिन्यांखालचं बाळ. एक वर्षाच्या आतबाहेरचं बाळ थांबून थांबून कळवळून रडतंय, पाय पोटाशी घेतंय आणि शीमध्ये लाल जेलीसारखं काही दिसतंय, तर एक आतडं दुसऱ्यात शिरलेलं असू शकतं. त्यात तासातासाला महत्त्व असतं. अशा बाळाला कुणी जुलाब थांबवायची गोळी दिलेली असली की आमचं निदानच लांबतं.

---

पश्चिमवारा

डॉक्टर, मग प्रतिजैविकं? आमच्या गावात एक डॉक्टर प्रत्येक जुलाबाला दोन औषधं एकत्र असलेलं सिरप देतात. दोन दिवसांत गुण येतो म्हणून गर्दीही तिथेच.

---

निळासावळा

@पश्चिमवारा, लहान मुलांचे बहुतेक पाणीदार जुलाब विषाणूंचे असतात. प्रतिजैविक विषाणूवर चालत नाही. गुण येतो कारण ते तसेही थांबणारच होते. रक्ताची आव, कॉलराचा संशय, अशा मोजक्या ठिकाणी प्रतिजैविक लागतं आणि तिथे ते द्यावंच. उगाच दिलं तर त्यानेच जुलाब वाढतात. सर्दी-खोकल्याला दिलेल्या प्रतिजैविकाने जुलाब लागलेली मुलं मी आठवडाभर बघत असतो.

विषाणूंत सगळ्यात त्रास देणारा रोटाव्हायरस. त्याची लस सरकारी लसीकरणात आहे, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना तोंडाने थेंब. महाराष्ट्रात ती २०१९ पासून फुकट मिळते. आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचीही रोटाव्हायरसची लस आहे. पहिला डोस चुकवू नका, वय फार पुढे गेलं की ती सुरू करता येत नाही.

---

आर्याची_आई

माझी मुलगी पाच महिन्यांची आहे, फक्त अंगावरचं दूध. दिवसातून सहा-सात वेळा पिवळी पातळ शी करते, कधी फेसाळ. सासूबाई म्हणतात दात येतायत म्हणून जुलाब लागलेत, माझं दूध बंद करून तांदळाचं पाणी द्या. वजन वाढतंय, खेळते छान. काय करू?

---

निळासावळा

@आर्याची_आई, दूध अजिबात बंद करू नका. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी अशीच असते. वजन वाढतंय, खेळतेय, लघवी नीट होतेय, तर हे जुलाबच नाहीत. काहीही औषध नको. नेहमीपेक्षा एकदम जास्त वेळा आणि पाण्यासारखी होऊ लागली, वास बदलला, बाळ मलूल झालं, तर दाखवा. तेव्हासुद्धा अंगावरचं दूध चालूच ठेवायचं, जास्त वेळा पाजायचं.

दातांचा जुलाबाशी थेट संबंध नाही. त्या वयात बाळ रांगायला लागतं आणि हाताला येईल ते तोंडात घालतं. जंतू तिथून जातात. सासूबाईंना हे समजावून सांगा, त्या काळजीनेच म्हणतायत.

---

डोंगरवाट

मी आशा आहे, नाशिक जिल्ह्यात. ओआरएस सगळ्यांना माहीत झालंय, पण झिंक कुणी पुरं करत नाही म्हणून लिहिते. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम म्हणजे अर्धी गोळी, सहा महिन्यांच्या पुढे रोज २० मिलिग्रॅम म्हणजे एक गोळी. चौदा दिवस. चमच्यात थोडं उकळून गार केलेलं पाणी किंवा आईचं दूध घ्यायचं, गोळी टाकायची, हलवायची नाही, आपोआप विरघळते. मग लगेच पाजायची. तान्ह्याला आईच्याच दुधात द्यावी.

पाड्यावर मी बायकांना चमच्यात गोळी विरघळताना दाखवते. बुडबुडे येऊन गोळी पसरते ते बघितलं की त्यांचा विश्वास बसतो. मग पट्टीवर चौदा खुणा करायला लावते, रोज एक खोडायची. झिंकने हे जुलाब लवकर आटोपतात आणि पुढचे दोन-तीन महिने पुन्हा लागण्याची शक्यता कमी होते. ओआरएस आणि झिंक दोन्ही आमच्याकडे फुकट आहे, मागायला लाजू नका.

खायला पण द्या हो. "पोटाला विश्रांती" म्हणून पोराला उपाशी ठेवतात आणि ते आणखी खंगतं. मऊ भात, मुगाचं वरण, दही-भात, केळं, नाचणीची आंबील. थोडंथोडं, जास्त वेळा. आणि बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं.

---

औषधपेटी

@डोंगरवाट ताई, मनापासून आभार. चौदा खुणांची युक्ती उद्यापासून आमच्या काउंटरवर.

एक भर. झिंकचं सिरप घेतलंत तर बाटली वाचा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पाच मिलीत वेगवेगळं प्रमाण असतं. आणि थेंबांची बाटली सिरपपेक्षा सहसा कितीतरी दाट असते. तापाच्या औषधाचं उदाहरण देते म्हणजे कळेल. पॅरासिटामॉलच्या थेंबांत एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, साध्या सिरपमध्ये पाच मिलीत १२५, म्हणजे मिलीला २५. थेंबांची बाटली सिरप समजून चमच्याने पाजली की औषध चौपट गेलं. जुलाबाबरोबर ताप असतोच, त्यामुळे हा गोंधळ याच दिवसांत होतो. घरातला चहाचा चमचा माप म्हणून वापरू नका. बाटलीबरोबरचं माप किंवा बिनसुईची सिरिंज वापरा. सिरिंज दोन-चार रुपयांना मिळते.

---

हडसनकाठ

न्यू जर्सीहून. इकडे वेगळाच घोळ. भारतातून आई-बाबा येतात ते औषधांची पिशवी घेऊन, त्यात जुलाबाच्या गोळ्यांची पट्टी हमखास. आणि इथल्या दुकानात ती गुलाबी बाटली, बिस्मथ सबसॅलिसिलेटची, कुणीही उचलू शकतो. आमच्या मराठी मंडळाच्या सहलीत एका काकूंनी तीन वर्षांच्या नातवाला ती काढून दिली होती, शेजारच्यांनी वेळेत थांबवलं. ते सॅलिसिलेट आहे, अ‍ॅस्पिरिनच्या घरातलं. विषाणूचा आजार असलेल्या मुलांत त्याचा राय सिंड्रोमशी संबंध येतो, यकृत आणि मेंदू दोन्हीला धोका. बाटलीवर बारा वर्षांखाली देऊ नका असं लिहिलेलं असतं, पण अक्षरं बारीक आणि भाषा परकी, आजी-आजोबांना कसं कळणार? येणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

सफरचंदाच्या रसाबद्दलही इथे फार बोललं जातं. २०१६ मध्ये कॅनडातला एक अभ्यास आला होता, निम्मं पाणी घातलेला रस आणि मग मुलाला आवडेल ते पेय, यावर. पण ती मुलं सौम्य आजारी होती, पाणी फारसं कमी झालेलं नव्हतं. त्यावरून भारतातल्या उन्हाळ्यात बाळाला डबाबंद रस पाजणं हे मला धोक्याचं वाटतं. डॉक्टर, बरोबर ना?

---

निळासावळा

@हडसनकाठ, अगदी बरोबर.

---

वडाची_पारंबी

ताई, लगेच उत्तर मिळालं तर बरं. शेजारच्या घरात अडीच वर्षांच्या मुलाने आजोबांच्या जुलाबाच्या गोळ्यांच्या पट्टीतल्या एक-दोन गोळ्या खाल्ल्यात असं वाटतंय. खेळतोय नीट. थांबावं का?

---

औषधपेटी

@वडाची_पारंबी, थांबू नका. आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या, पट्टी बरोबर घ्या, किती वाजता खाल्ल्या असतील तेही सांगा. उलटी करवू नका. डायफिनॉक्सिलेट-अ‍ॅट्रोपिन असेल तर खेळतोय यावर जाऊ नका. त्याचा परिणाम उशिरा, कधी दुसऱ्या दिवशीही दिसतो, आणि एवढ्या लहान मुलाला एक-दोन गोळ्यांतही श्वासाचा त्रास होऊ शकतो. म्हणून दवाखान्यात निदान २४ तास लक्षाखाली ठेवतात. नॅलॉक्सोन हा त्याच्यावरचा उतारा आहे, तो घरी नसतो. निघताना फोन करून पट्टीवरचं नाव सांगा.

---

वडाची_पारंबी

नेलं. डायफिनॉक्सिलेटच होतं. भरती करून घेतलंय, श्वास आणि ऑक्सिजन मशीनवर बघतायत. सध्या ठीक आहे.

(दुसऱ्या दिवशी) संध्याकाळी घरी सोडलं. रात्री चांगलीच गुंगी आली होती, औषध द्यावं लागलं. वाटेत जेव्हा खेळत होता तेव्हा त्याचे वडील परत फिरू म्हणत होते. ताई, तुमचे उपकार विसरणार नाहीत ते.

---

गुलबक्षी

वाचून अंगावर काटा आला. आमच्या देव्हाऱ्याशेजारच्या टोपलीत सगळ्यांच्या गोळ्या एकत्र असतात. आजच वरच्या कपाटात कुलपात ठेवल्या.

---

पश्चिमवारा

बरं झालं, मूल सुखरूप आहे.

एक शंका उरली. डॉक्टरांनीच जुलाबाचं काही लिहून दिलं तर नको म्हणायचं का? परवा पुतणीला रेसिकॅडोट्रिलची पुडी दिली आहे.

---

निळासावळा

नको म्हणायची गरज नाही, विचारायचं. रेसिकॅडोट्रिल वेगळं आहे. ते आतड्याची हालचाल थांबवत नाही, आतड्यात सुटणारं पाणी कमी करतं. काही डॉक्टर ते ओआरएसच्या जोडीला, वजनाप्रमाणे देतात. मी क्वचित वापरतो. तसंच उलट्या फार असतील तर उलटीचं औषध एखाद-दुसरा डोस देतात, त्याने ओआरएस टिकायला मदत होते. प्रोबायोटिकच्या कुप्यांना फार विरोध नाही, फार आशाही नाही, त्या पैशात चार पाकिटं ओआरएस येतात. डॉक्टरांना सरळ विचारा: यात लोपेरामाइड किंवा डायफिनॉक्सिलेट आहे का? ओआरएस किती द्यायचं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिलीमध्ये मिळालं की समजा डॉक्टर बरोबर वाटेवर आहेत.

---

आर्याची_आई

पाकीट नसेल, रात्रीचे दोन वाजलेत, गावात मेडिकल बंद, तर?

---

औषधपेटी

@आर्याची_आई, एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा पाच मिलीचा, औषधाच्या मापाने मोजलात तर उत्तम. वर शीग नको, बोटाने सपाट करा. पाजण्याआधी स्वतः चाखा, डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर टाकून द्या आणि नवीन करा. यात पोटॅशियम नसतं, म्हणून सकाळी पाकीट आणाच. तोवर भाताची पेज किंचित मीठ घालून, पातळ ताक हेही चालेल. तुमची मुलगी पाच महिन्यांची, तिला मात्र पेज-ताक नको, अंगावरचं दूध आणि हे पाणी. चहा, कोला, ग्लुकोजचं नुसतं पाणी कुणालाच नको.

---

कोयनाकाठ

आईला सगळा धागा वाचून दाखवला. ती विचारतेय, जुलाब तिसऱ्या दिवशीच थांबले तर झिंक बंद करायचं ना?

---

डोंगरवाट

नाही हो काकू. जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुरे करायचे. गोळी दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटली तर पुन्हा एक द्यायची. उरलेली पट्टी दुसऱ्या पोरासाठी ठेवू नका, त्याला लागली तर माझ्यासारख्या कुणाकडून नवीन घ्या.